अक्का नको म्हणाल्या

नागपूरहून लग्न होऊन बंगळूरला आल्यापासून सात महिन्यांत प्रतिमा एकटी कुठे गेली असेल, तर कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत. तिथेही पहिल्याच आठवड्यात फजिती झाली होती. काय काय आणायचं असं सासूबाईंनी विचारलं, तर ती सवयीने म्हणाली, "सांबार संपलाय." सासूबाई म्हणाल्या, "अगं, सकाळीच तर केलंय भांडंभर!" नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे कळल्यावर तिचा नवरा दत्ता पोट धरून हसला. प्रतिमाही हसली, पण तेव्हापासून बाहेर तोंड उघडायची तिला धास्ती बसली. भाजीवाला कन्नडात काही विचारायचा, ती मान हलवायची आणि तो देईल ते पिशवीत घेऊन परत यायची.

घर बनशंकरीत होतं. अरुंद आणि लांबच लांब. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती, त्यामुळे उजेड यायचा तो फक्त पुढून आणि मागून. मधल्या खोलीत भर दुपारीसुद्धा दिवा लावावा लागे. दत्ता सकाळी नऊला स्कूटर काढून शिवाजीनगरला जाई. तिथे त्यांचं आजोबांपासूनचं शिंपीकामाचं दुकान होतं, लष्करातल्या लोकांचे गणवेश शिवायचं. परतायला त्याला आठ वाजत. मधले अकरा तास घरात दोघीच, प्रतिमा आणि सासूबाई. त्यांचं नाव कस्तुराबाई, पण अख्खी गल्ली त्यांना अक्का म्हणे. त्यांच्या माहेरच्या आणि सासरच्या चार पिढ्या बंगळुरातच गेलेल्या. मराठी बोलता बोलता त्या कधी कन्नडात शिरत, त्यांचं त्यांनाही कळत नसे. शेजारणींशी बोलताना त्या मध्येच प्रतिमाकडे बघून हसत, आणि आपल्याबद्दलच काहीतरी चाललंय असं प्रतिमाला दर वेळी वाटे.

प्रतिमा गणित घेऊन बीएस्सी झाली होती, पहिल्या वर्गात. वर कॉम्प्युटरचा वर्षभराचा कोर्स. दुपारची जेवणं उरकली की ती पुढच्या खोलीत खिडकीच्या गजांशी बसे आणि आपलं असं का झालं याचा विचार करत राही. बाबांनी तेव्हा पुण्याला एमएस्सीला पाठवलं असतं तर. घरच्यांनी लग्नाची घाई केली नसती तर. दत्ताचं दुकान नागपुरात असतं तर. तेवीस वर्षांच्या आयुष्यात तिने स्वतः ठरवलेलं असं काही तिला आठवत नसे.

ते अठ्ठ्याण्णव साल होतं. सन दोन हजार उजाडलं की कॉम्प्युटरमधल्या तारखा चुकणार, म्हणून बंगळुरातल्या कंपन्यांना माणसं कमी पडत होती. अंजली ही प्रतिमाची नागपूरच्या कॉलेजातली मैत्रीण. ती दोन वर्षांपासून इथे एका कंपनीत होती. एका रविवारी ती आली आणि म्हणाली, "आमच्याकडे प्रोग्रॅम तपासणारी माणसं घेतायत. मी मॅनेजरकडे तुझं नाव टाकलंय. मंगळवारी साडेदहाला ये. फक्त ये, बाकी मी बघते."

अक्कांना सांगितलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. "जा की," त्या म्हणाल्या. "घरात बसून दोघीजणी भिंतीच तर राखतोय." मंगळवारी सकाळी त्यांनी लवकर उठून उप्पिट केलं. दत्ता म्हणाला, "ऑफिस माझ्या दुकानाजवळच आहे, सोडतो." प्रतिमा म्हणाली, "नको, माझी मी जाईन. रोज जायचंच आहे ना." त्या वेळी तिला ते खरंच वाटत होतं.

ऑफिस शिवाजीनगरच्या बस स्टँडपासून दहा मिनिटांवर, तिसऱ्या मजल्यावर होतं. आत इतका गारवा होता की तिच्या अंगावर काटा आला. खुर्च्यांवर पाच-सहा जण बसले होते. शेजारच्या मुलीने इंग्रजीत तिचं कॉलेज विचारलं. "नागपूर," प्रतिमा म्हणाली. ती मुलगी हसून पुढे बरंच काही बोलली. प्रतिमाला सगळं समजलं, पण उत्तर जुळवेपर्यंत मुलीने मान दुसरीकडे वळवली होती. आतल्या खोलीत कोणीतरी मोठ्याने हसलं. टेबलामागची बाई एकेकाला बोलावून यादीत सही घेत होती. प्रतिमाच्या आधी दोघं उरले, मग एक. ती उठली, पाणी प्यायला जाते अशी खूण केली आणि जिन्यावरून खाली आली. पहिल्या मजल्यावर पाण्याचं पिंप होतं. ती तिथे थांबली नाही.

बस स्टँडवरच्या बाकावर ती दोन तास बसून राहिली. दत्ताचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे होतं. स्कूटर दिसली की ती तोंड फिरवी. बनशंकरीची बस तीनदा येऊन गेली. शेवटी तिने टेलिफोन बूथवरून अंजलीला फोन लावला.

"अगं, आहेस कुठे? मी मॅनेजरला तीनदा थांबवलंय!" अंजली जवळजवळ ओरडलीच.

"अक्का नको म्हणाल्या," प्रतिमा म्हणाली. "अगदी निघताना. मी काय करू?"

असं म्हणायचं तिने ठरवलं नव्हतं. ते आपोआप तोंडातून आलं. पलीकडे अंजलीचा आवाज एकदम मऊ झाला. "बिचारी," ती म्हणाली. "तू रडू नकोस हं." आणि प्रतिमा खरोखरच रडू लागली.

घरी आल्यावर तिने अक्कांना सांगितलं, "जागा भरली होती." अक्का संतापल्या. "बोलावून घेतात आणि जागा भरली म्हणतात? काय माणसं ही!" त्यांनी तिला ताक दिलं. रात्री दत्तालाही त्यांनीच तावातावाने सगळं सांगितलं. प्रतिमा मान खाली घालून जेवत राहिली.

त्यानंतर अंजली घरी यायची बंद झाली. "त्या बाईचं तोंड बघवत नाही मला," ती म्हणे. दोघी रविवारी देवळाजवळ भेटत. "किती सहन करतेस गं तू," असं अंजली म्हणाली की प्रतिमाला बरं वाटे. त्याआधी या गावात तिचं असं कौतुक कोणी केलं नव्हतं. मग सांगायला आणखी काही काही मिळू लागलं. अक्का म्हणत, "एवढ्या उन्हात कुठं निघालीस?" ते अंजलीपर्यंत पोहोचेतो 'बाहेर जाऊ देत नाहीत' असं होई. नागपूरच्या मावशीला पत्र लिहिताना तिने तेच लिहिलं. महिनाभरात तिला स्वतःलाच ते खरं वाटू लागलं. अक्का दाराला कडी घालत ती गायी आत शिरतात म्हणून, हे तिला माहीत होतं. तरी कडी वाजली की आत काहीतरी आवळल्यासारखं होई.

खरी अडचण वेगळीच होती. आता अंजली दुसरी जागा सुचवी, तेव्हा प्रतिमाला 'अक्का' म्हणून गप्प बसावं लागे. अक्का म्हणत, "त्या तुझ्या मैत्रिणीला विचार की आणखी कुठं काही आहे का," तेव्हा 'विचारते' म्हणावं लागे. अंजली आणि अक्का समोरासमोर येणार नाहीत एवढीच काळजी तिला दिवसभर पुरे. त्या दोघींच्या मध्ये जेवढी जागा उरली होती, तेवढ्यातच तिला हिंडायचं होतं.

दिवाळीनंतर एका बुधवारी बाबांचं पोस्टकार्ड आलं. बाबा नागपूरच्या शाळेत विज्ञान शिकवत. वर्षापूर्वी निवृत्त झालेले. दोनच ओळी होत्या. 'रविवारी सकाळी पोहोचतो. कस्तुराबाईंशी समोरासमोर बोलायचे आहे.'

प्रतिमा धावत बूथवर गेली आणि अंजलीला फोन केला. "तू बाबांना काय कळवलंस?"

"जे खरं आहे ते," अंजली म्हणाली. "तुझ्याच्याने बोलणं होणार नाही, म्हणून मी पत्र घातलं."

बाबांच्या घरी फोन नव्हता, आणि शनिवारी पहाटे ते निघणार. हातात गुरुवार आणि शुक्रवार. ताप आल्याचं कळवावं का, तार करावी का, अक्कांना आधीच सगळं सांगून टाकावं का, असं ती दोन दिवस घोकत राहिली. गुरुवारी दुपारी अक्का चिंच साफ करत बसल्या होत्या, तेव्हा ती त्यांच्यासमोर जाऊन बसलीही. "काय गं?" अक्कांनी विचारलं. "काही नाही, मदत करू का?" ती म्हणाली. चिंचोके वेगळे करता करता संध्याकाळ झाली. शुक्रवार तसाच गेला. शनिवारी बाबा गाडीत बसले असणार, हे कळून तिला उलट सुटल्यासारखं वाटलं. आता करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

बाबा रविवारी सकाळी आले. आंघोळ झाली, कॉफी झाली. दत्ता घरीच होता. अक्कांनी पाहुणे आले म्हणून पुरणाची डाळ शिजायला टाकली आणि बाहेर येऊन बसल्या. प्रतिमा कॉफीचे पेले गोळा करून स्वयंपाकघराच्या दारात पोहोचली होती, तेवढ्यात बाबांचा आवाज आला.

"कस्तुराबाई, मी सरळ माणूस आहे, सरळच विचारतो. पोरीला नोकरीचं बोलावणं आलं होतं. ऐन निघायच्या वेळी तुम्ही तिला नको म्हणालात. काहून?"

"कोण म्हणालं?" दत्ता ताडकन म्हणाला. "अक्कानं तर त्या दिवशी—"

"सुम्मनिरो," अक्का त्याच्याकडे न बघताच म्हणाल्या. गप्प बस. प्रतिमाला जे मोजके कन्नड शब्द कळत, त्यांतला हा एक होता.

अक्कांनी वळून दाराकडे पाहिलं. तिथे प्रतिमा पेले हातात घेऊन उभी होती. अक्का तिच्याकडे बघत राहिल्या, नको इतका वेळ. त्यांना सगळं कळलंय हे प्रतिमाला त्या नजरेतून कळलं. जागा भरल्याची थापही, आणि बाकीचंही.

"म्हटलं असंल मी," अक्का बाबांना म्हणाल्या. "दिवसभर एकटीला घर खायला उठतं. म्हणून म्हटलं असंल."

"म्हणून शिकलेल्या पोरीला कोंडून ठेवायचं?" बाबांचा आवाज चढला. "तुमच्या सोबतीला नाही दिली मी तिला. आमच्याकडे मोलकरणीलाही कोणी असं अडवून ठेवत नाही. तुम्हाला मुलगी नाही, म्हणून कळत नसेल."

"सरी, ठीक आहे," अक्का म्हणाल्या. "यापुढं नाही म्हणणार." आणि त्या डाळ बघायला आत गेल्या. जाताना त्यांनी प्रतिमाच्या हातातले पेले घेतले. 

प्रतिमा तिथेच उभी राहिली. आता बोल, असं ती स्वतःला म्हणत होती. एकच वाक्य होतं. पण ती वेळ निघून गेली. सगळे पुरणपोळी जेवले. अक्कांनी बाबांना आग्रह करून तिसरी वाढली.

जेवणानंतर दत्ताने तिला मधल्या खोलीत गाठलं. "तू बाबांना काय सांगितलंस?"

"मी नाही सांगितलं. अंजलीने पत्र लिहिलं."

"आणि अंजलीला कोणी सांगितलं?"

 दत्ता थोडा वेळ थांबला, मग चप्पल घालून बाहेर निघून गेला.

दुपारी बाबा मागच्या अंगणात धुण्याच्या दगडावर बसले होते. त्यांनी तिला जवळ बोलावलं. "मी जास्त बोललो का गं?" त्यांनी विचारलं. तिने मान हलवली. हो की नाही, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"एक सांगतो," बाबा म्हणाले. "तुझा पुण्याचा प्रवेश झाला होता तेव्हा मी दवाखान्यात होतो. ब्लडप्रेशर वाढलं होतं. तू गेली नाहीस. बाबांनी नको म्हटलं, असं तू सगळ्यांना सांगितलंस. मला काही आठवत नाही. पण गोळ्यांच्या गुंगीत म्हटलं असेन. तीन वर्षं ते मनातून जाऊन नाही राहिलं. माझ्यापायी पोरीचं शिक्षण अडलं. म्हणून अंजलीचं पत्र आलं, तेव्हा ठरवलं, आता दुसऱ्या कोणाला तिला अडवू द्यायचं नाही." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात तिला सोसवेना.

सोमवारी अडीचची गाडी होती. दत्ता एक शब्द न बोलता दुकानात गेला होता, म्हणून प्रतिमाच बाबांना पोहोचवायला निघाली. अक्कांनी वाटेसाठी दहीभाताचा डबा दिला. बाबांनी तो नाइलाजाने घेतला. बसमध्ये ते खुशीत होते. "पाहा, सरळ बोललं की काम होतं," ते म्हणाले.

स्टेशनवर गाडी लागलेली होती. बाबांनी बॅग बाकाखाली सरकवली आणि ते खाली फलाटावर येऊन उभे राहिले. गाडी सुटायला वीस मिनिटं होती. गाडी गेली की सगळं मिटेल, असं प्रतिमाच्या मनात आलं. बाबा समाधानाने घरी जातील, अक्का तर काही बोलणारच नाहीत. कोणालाच काही कळणार नाही. पण घरी परत गेल्यावर त्या लांबट घरात अक्कांच्या समोर रोज अकरा तास बसायचं, हे तिच्या डोळ्यांपुढे आलं.

"बाबा, अंजलीने उगाचच ते पत्र..." तिने सुरुवात केली आणि ती थांबली. पुन्हा आपण तेच करतोय, हे तिला स्वतःच्या कानांनी ऐकू आलं.

"काय झालं?"

"अक्का नको म्हणाल्या नव्हत्या."

"म्हणजे?"

"त्यांनी मला उप्पिट करून दिलं होतं. मी त्या ऑफिसात गेले होते, खुर्चीवर बसले होते. मला भीती वाटली आणि मी पळून आले. अंजलीला काय सांगायचं म्हणून अक्कांचं नाव सांगितलं. अक्कांना सांगितलं, जागा भरली. काल त्या खोटं बोलल्या ते मला वाचवायला."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. ती आता थांबली असती तर पुन्हा कधीच बोलू शकली नसती. "आणि पुण्यालाही तुम्ही नको म्हटलं नव्हतं. हॉस्टेलवर एकटं राहायची, तिथल्या हुशार मुलांची मला धास्ती वाटली. तुम्ही आजारी पडलात आणि मला कारण मिळालं."

बाबांनी चष्मा काढला. "मग मी काय म्हटलं होतं?"

"जा म्हणाला होतात. माझी काळजी करू नको, तारीख चुकवू नको, म्हणाला होतात."

फलाटावर चहावाले ओरडत होते. बाबा बराच वेळ चष्मा धोतराच्या सोग्याने पुसत राहिले. "तीन वर्षं गं," ते एवढंच म्हणाले. मग डब्यात चढले आणि बॅग घेऊन खाली उतरले.

"बाबा, गाडी..."

"जाऊ दे. त्या बाईला तिच्याच घरात बसून मी काय काय बोललो. आता तिच्याच हातचा भात खात नागपूरला जाऊ?"

परतीच्या बसमध्ये पुढच्या जागा बायकांच्या, मागच्या पुरुषांच्या. प्रतिमा पुढे बसली, बाबा मागे. पाऊण तास ती मान न वळवता बसली होती. प्रत्येक थांब्याला वाटे, उतरावं आणि चालत सुटावं. पण या गावात चालत जायला तिला दुसरी जागाच ठाऊक नव्हती.

दार अक्कांनीच उघडलं. "अय्यो, गाडी चुकली?"

बाबांनी बॅग खाली ठेवली आणि हात जोडले. "कस्तुराबाई, मला माफ—"

"बाबा, थांबा," प्रतिमा म्हणाली. "तुम्ही नका मागू. हे माझं आहे."

ती अक्कांसमोर उभी राहिली.  मंगळवारच्या सकाळपासून सुरुवात करून तिने सगळं सांगितलं, जागा भरल्याचं, अंजलीचं, रविवारच्या भेटींचं. मध्येच तिचा आवाज फुटला, पण रडू यायच्या आत तिने ते दाबलं. रडलं की आपली कीव केली जाते, हे तिला चांगलं माहीत झालं होतं. शेवटी ती म्हणाली, "माझं चुकलं."

अक्का जवळ घेतील, जाऊ दे म्हणतील, अशी तिची आशा होती. अक्का खुर्चीवर बसल्या. "आणखी कुणाकुणाला सांगितलंयस माझं?"

"मावशीला. पत्रात."

"मग तिला पण लिही."

"लिहिते." प्रतिमा म्हणाली. "अक्का, काल तुम्ही खरं का नाही सांगितलंत?"

"तुझा बाप एवढ्या लांबनं तुझी बाजू घेऊन आला. त्याच्यासमोर तुला खोटी पाडली असती तर त्याचं तोंड कसं झालं असतं? त्याच्यासाठी गप्प बसले. तुझ्यासाठी नाही." त्यांनी पदराने मान पुसली. "मला लागलं ते. मुलगी नाही म्हणून कळत नाही म्हणाले, ते जास्त लागलं. तू दारात उभी होतीस."

बाबा भिंतीकडे बघत होते.

"आता पुन्हा माझं नाव पुढं करायचं नाही," अक्का म्हणाल्या. "भ्यालीस तर भ्याले म्हण. त्यात काय जातं?" आणि त्या कॉफी ठेवायला उठल्या. त्यात बरंच काही जातं, हे प्रतिमाला सांगता आलं असतं. ते तिने सांगितलं नाही.

दुसरं आरक्षण मिळेपर्यंत बाबा तीन दिवस राहिले. ते अक्कांशी बोलत, दत्ताच्या दुकानात जाऊन बसत. प्रतिमाशी ते कामापुरतंच बोलले. निघताना एवढंच म्हणाले, "पत्र लिहीत जा. जसं असेल तसं."

दत्ताचा अबोला आठवडाभर टिकला. मग एका रात्री जेवताना त्याने स्वतःहून विचारलं, "आत गेल्यावर नक्की कशाची भीती वाटली?" तिने सांगितलं. तो हसला नाही. "मला विचारलं असतंस तर मी खाली उभा राहिलो असतो," तो म्हणाला.

अंजलीला भेटायला ती एकटी गेली, दुपारच्या सुट्टीत, ऑफिसखाली, आणि खरं ते सांगितलं. अंजलीने अर्धा डबा तसाच झाकला. "मी तुझ्यासाठी मॅनेजरकडे शब्द टाकला होता," ती म्हणाली. "आणि तुझ्या सासूला देवळात बघून मी तोंड फिरवलं होतं, ठाऊक आहे तुला?"  अंजली जिना चढून गेली. पुढचे कितीतरी रविवार ती देवळाकडे फिरकली नाही, आणि दोघींची मैत्री पुन्हा पहिल्यासारखी कधी झालीच नाही.

त्यानंतर प्रतिमा वर्तमानपत्रातल्या जाहिराती बघून अर्ज करू लागली. जानेवारीत येलहंकाच्या एका लहान कंपनीने बोलावलं. दोन बस बदलून ती गेली. या वेळी तिने आल्या आल्या यादीत सही करून टाकली. आत तिघे बसले होते. पहिले चार प्रश्न जमले, पुढचे चार नाही. एकदा ती इंग्रजी वाक्याच्या मध्येच अडकली आणि समोरचा माणूस खिडकीबाहेर बघत राहिला. तेव्हाही उठून जावंसं वाटलं. ती बसून राहिली. दहा मिनिटांनी त्यांनीच तिला जायला सांगितलं, आणि बाहेरच्या बाईने सांगितलं की नाही झालं.

घरी आली तेव्हा शेजारच्या सगुणाबाई अक्कांशी बोलत बसल्या होत्या. त्यांनी कन्नडात काही विचारलं. "काय झालं विचारतात," अक्का म्हणाल्या.

बस उशिरा आली होती, हे खरं होतं. त्यांना इंग्रजी शाळेतलीच मुलं हवी होती, असंही म्हणता आलं असतं. दोन्ही वाक्यं तिच्या ओठांवर तयार होती.

"मला घेतलं नाही," प्रतिमा म्हणाली. "अर्धे प्रश्न मला आलेच नाहीत."

अक्कांनी ते कन्नडात सांगितलं. सगुणाबाई चुकचुकल्या आणि पुन्हा आपल्या सुनेच्या बाळंतपणाबद्दल बोलू लागल्या. तिच्याकडे कोणीच बघत नव्हतं. प्रतिमा मधल्या खोलीत गेली, दिवा लावला, आणि न आलेले चार प्रश्न विसरायच्या आत वहीत लिहून काढू लागली. तिसरा नीट आठवेना. ती पेन हातात धरून बराच वेळ तशीच बसून राहिली.